ढिगाऱ्यातून वाचलेला वारा

बुधवार, 27 एप्रिल 2011. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं अलाबामा राज्य. त्या एका दिवसात, या एकाच राज्यात 62 टोर्नेडो झाले. आजूबाजूची मिसिसिपी, टेनेसी, जॉर्जिया ही राज्यं धरली आणि 25 ते 28 एप्रिल असे चार दिवस मोजले तर आकडा साडेतीनशेच्या वर जातो. तीनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक त्या बुधवारीच.

टोर्नेडोचे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलेत, काळा खांब फिरतोय, कोणीतरी गाडीतून ओरडतोय वगैरे. या व्हिडिओत ते फारसं नाहीये. आपण बघणार आहोत दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं ते. म्हणजे वारा निघून गेलाय, लाईट नाही, रस्त्यावर झाडं आडवी, तारा लोंबतायत, कुठेतरी गॅसचा वास येतोय, आणि त्या सगळ्यात दोन-तीन माणसं हातात कॅमेरा आणि जीपीएस घेऊन खाली वाकून एका घराचा पाया बघतायत. फक्त पाया, कारण वर घर उरलेलंच नाहीये.

ही माणसं नॅशनल वेदर सर्व्हिसची, म्हणजे तिथल्या हवामान खात्याची. आपल्याकडे वादळानंतर तलाठी पंचनाम्याला येतात, 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या लोकांनी ते जवळून पाहिलंय, किती पत्रे गेले, किती माडं-पोफळी पडल्या, भरपाई किती बसते. इथे तसं नाही. या टीमला नुकसान किती झालं हे लिहायचं नसतं, वारा किती होता ते शोधायचं असतं.

आता कोणीही विचारेल, वारा मोजायला यंत्रं आहेत ना, रडार आहे, मग पाया कशाला बघायचा? तर गोष्ट अशी आहे की टोर्नेडो जमिनीवर जिथून जातो तिथे वेग मोजणारं यंत्र असण्याची शक्यता फार कमी, आणि असलंच तर ते त्या वाऱ्यात टिकत नाही. रडारचा किरण जसजसा लांब जातो तसतसा जमिनीपासून वर उचलला जातो, शंभरेक किलोमीटरवर तो हजार मीटरच्याही वर असतो. म्हणजे ढगात काय चाललंय ते रडारला कळतं, पण तुमच्या घराच्या दारात वारा किती होता ते नाही. त्यामुळे टोर्नेडोच्या नावापुढे जे ईएफ-3, ईएफ-4 असं लागतं ते जवळजवळ नेहमीच मोडलेल्या वस्तूंवरून काढलेलं असतं.

ही ईएफ पट्टी, शून्य ते पाच, आकडा मोठा तसा वारा जास्त, 2007 पासून वापरात आहे. तिच्यात 28 प्रकारच्या वस्तू दिल्यात, साधं घर, मोबाईल होम म्हणजे तयार करून जागेवर आणून ठेवलेलं घर, शाळा, मॉल, विजेचे खांब, झाडं, असं सगळं, आणि प्रत्येकाच्या पुढे मोडतोडीच्या पायऱ्या. साध्या घराच्या दहा पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे नुकसान जेमतेम दिसतंय, तिथे वारा साधारण ताशी 105 किलोमीटर धरतात. छताचा मोठा भाग गेला पण भिंती उभ्या, तर साधारण 195. सगळ्या भिंती पडल्या तर 270 च्या आसपास. आणि दहावी पायरी म्हणजे घर गेलंच, खाली काँक्रीटचा स्लॅब धुतल्यासारखा साफ, तिथे 320. पण हे सगळे अंदाज चांगल्या बांधलेल्या घराचे. घर कच्चं असेल तर आकडा खाली ओढायचा.

म्हणून ते वाकून बघत असतात. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी चौकटीची असतात हे आपल्याला माहिती आहे. काँक्रीटच्या पायावर एक आडवं लाकूड टाकतात आणि त्यावर भिंतीची चौकट उभी राहते. ते आडवं लाकूड पायाला धरून ठेवायला काँक्रीटमध्ये बोल्ट पुरलेले असतात, वरून मोठा वॉशर आणि नट. आता घर उडून गेलेल्या पायाशी बसा आणि बघा. बोल्ट वाकलाय का? वाकला असेल तर घराने दम धरला होता, ओढ लागली, मग ते गेलं. बोल्ट सरळ उभा आहे, आट्यांवर ओरखडाही नाही, तर त्यावर नट कधी बसवलाच नव्हता. किंवा बोल्टच नाहीत, नुसते खिळे ठोकलेत, आणि मग ते घर तेवढ्या मोठ्या वाऱ्याची वाट न बघताच सरकलं असणार. त्याच बुधवारी अलाबामातल्या टस्कलूसा शहरावरून एक टोर्नेडो गेला, त्या भागातल्या पाहणीत नट-वॉशर नसलेले बोल्ट सापडले होते. तो टोर्नेडो 130 किलोमीटर चालला, काही ठिकाणी जवळपास अडीच किलोमीटर रुंद होता, साठहून जास्त माणसं गेली, आणि त्याला ईएफ-4 दिलं गेलं, ताशी 306 किलोमीटर.

या गोष्टीवर तिथे अजूनही लोक चिडतात. ज्याचं सगळं गेलं त्याला तुम्ही सांगताय की तुमचा टोर्नेडो पाच नंबरचा नव्हता, चारचा होता, कारण तुमच्या बिल्डरने नट लावले नव्हते. मला त्यांचा राग समजतो. पण पाहणी करणारा माणूस तरी काय करणार, त्याच्यासमोर साक्षीदार म्हणून तेच घर आहे, आणि ते घर जेवढ्या वाऱ्याला मोडलं तेवढंच सांगू शकतं, त्याच्या पुढचं नाही.

27 तारखेची पाहणी अवघड होती त्याचं अजून एक कारण म्हणजे वादळं एकदाच आली नाहीत. पहाटे एक लांबलचक रांग आली, मग दुपारच्या सुमारास उत्तरेकडे अजून एक, आणि मग दुपारनंतर ते मोठे, एकेकटे फिरणारे ढग. पहाटेच्या त्या वादळांनीच खूप ठिकाणची लाईट घालवली, इशारे देणाऱ्या हवामान रेडिओचे काही ट्रान्समीटर बंद पडले, म्हणजे सगळ्यात वाईट वादळ यायच्या आधीच कितीतरी घरांत टीव्ही बंद होता. कॉर्डोव्हा नावाचं छोटं गाव आहे, तिथे पहाटे एक टोर्नेडो येऊन गेला, ईएफ-3, आणि लोक अजून सावरतायत तोवर संध्याकाळी दुसरा, ईएफ-4. आता एकाच गल्लीत पडलेली भिंत बघून सांगा, ही सकाळची की संध्याकाळची? तिथे मग लोकांशी बोलावंच लागतं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना विचारायचं की तुमचं छत कधी गेलं, तुम्ही कुठल्या खोलीत होतात. कुठल्याही पट्टीवर न लिहिलेलं असं हे काम आहे आणि सगळ्यात जड तेच असणार.

घाईही असते. कारण ढिगारा तसाच पडून राहत नाही, राहूही नये. बुलडोझर येतात, शेजारीपाजारी चेनसॉ घेऊन झाडं कापायला लागतात, आणि जे बघायचंय ते एकेका तासाने कमी होत जातं. झाडं तर खास बघायची असतात, कारण ती दिशा सांगतात. सरळ वाऱ्याने पडलेली झाडं साधारण एकाच बाजूला किंवा पंख्यासारखी बाहेर पसरून पडतात. टोर्नेडोत दोन्ही बाजूंची झाडं मधल्या रेषेकडे तोंड करून पडलेली सापडतात. आणि वारा फार जोरात असला तर उभ्या झाडाची सालच निघते, फांद्या जातात, पांढरं खोड तेवढं राहतं.

सगळ्यात लांब माग निघाला तो हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल या दोन गावांवरून गेलेल्या टोर्नेडोचा. 210 किलोमीटरहून लांब, ईएफ-5, ताशी 338 किलोमीटर, सत्तरच्या वर मृत्यू. मिसिसिपीत फिलाडेल्फिया गावाजवळ दुसऱ्या एका टोर्नेडोत तर जमीनच जवळपास दोन फूट खणून निघाली होती, गवत, माती सगळं. असे माग इतके मोठे होते की नासाच्या उपग्रहांच्या फोटोत हिरव्या जंगलातून जाणारे तपकिरी पट्टे स्पष्ट दिसत होते, आणि जिथे रस्ताच नाही तिथला माग नीट जुळवायला असे फोटो कामी येतात.

हॅकलबर्गवाला टोर्नेडो पुढे टॅनर नावाच्या भागातून गेला. या टॅनरने हे आधीही पाहिलं होतं. 3 एप्रिल 1974 ला संध्याकाळी तिथे अर्ध्या-पाऊण तासात दोन भयंकर टोर्नेडो आले होते, एकामागून एक. त्या 3 आणि 4 एप्रिलला 13 राज्यांमध्ये 148 टोर्नेडो झाले होते, आणि त्यांची पाहणी ज्या माणसाने केली त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होतच नाही.

तेत्सुया फुजिता. जन्म 1920, जपान. 1945 मध्ये ते कोकुराच्या जवळच एका कॉलेजात शिकवत होते. 9 ऑगस्टचा अणुबॉम्ब खरं तर कोकुरावर पडायचा होता, पण वरून शहर दिसलं नाही म्हणून विमान नागासाकीला वळलं. नंतर फुजिता पाहणीसाठी नागासाकी आणि हिरोशिमाला गेले, आणि जळल्याच्या खुणांवरून स्फोट किती उंचीवर झाला असेल याचा हिशोब मांडला. तरुण वयात ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं तोच माणूस 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात आला आणि आयुष्यभर अमेरिकेतली मोडलेली गावं वाचत राहिला. 1971 ची मूळ एफ पट्टी त्यांचीच, आजच्या ईएफमधला एफ म्हणजे फुजिताच.

1974 च्या त्या मोठ्या पाहणीत छोट्या विमानातून फिरताना वेस्ट व्हर्जिनियातल्या बेकलीजवळ त्यांना जंगलात एक वेगळाच नमुना दिसला. झाडं गोल फिरून पडलेली नव्हती, मधल्या एका जागेपासून चारी दिशांना बाहेर पडलेली होती, चांदणीसारखी. असं काही त्यांनी आधी नागासाकीत पाहिलेलं होतं, वरून जोराचा दाब आला की खाली काय होतं ते. पुढच्याच वर्षी, 24 जून 1975 ला, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट 66 वादळात कोसळलं, शंभराहून जास्त लोक गेले. फुजितांनी तपासून सांगितलं की ढगातून हवेचा एक झोत सरळ खाली आदळला आणि विमान त्यात सापडलं. बऱ्याच शास्त्रज्ञांना तेव्हा हे पटलं नाही. मग 1978 मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार लावून असे झोत खरोखर पकडले गेले. आज आपण त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतो, पायलटना त्याचं ट्रेनिंग असतं, मोठ्या विमानतळांवर त्यासाठी वेगळी रडार आहेत. पडलेल्या झाडांच्या दिशा बघून कितीतरी विमानं वाचली, हे मला तरी फार मोठं वाटतं.

असाच अजून एक धागा टेक्सासमधल्या लबॉकचा. 11 मे 1970 ला तिथे टोर्नेडोत 26 माणसं गेली. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या इंजिनियरांनी मोडलेली घरं बघायला सुरुवात केली आणि अशा पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसायला लागलं की बाकीचं घर गेलं तरी मधली छोटी खोली, बाथरूम, कोठीची खोली, बऱ्याचदा उभी असते. मग ती एकच खोली जाणूनबुजून मजबूत बांधली तर? आज तिकडे बऱ्याच घरांत जी सेफ रूम बांधतात ती कल्पना इथून आली.

2011 मध्ये अजून एक पाहणी झाली, तीही सांगण्यासारखी आहे. अलाबामात एका बाईंना अंगणात आकाशातून पडलेले दुसऱ्याच कुणाचे फोटो सापडले आणि त्यांनी फेसबुकवर एक पान उघडलं, कोणाचे आहेत ओळखा म्हणून. हजारो लोक आले, चेक, शाळेची प्रमाणपत्रं, लग्नाचे फोटो, सगळं तिथे टाकायला लागले. जॉर्जिया विद्यापीठाच्या एका टीमने त्यातल्या 934 वस्तू कुठून उडाल्या आणि कुठे पडल्या ते जुळवलं. फिल कॅम्पबेलचा एक फोटो टेनेसीत जाऊन पडला होता, साडेतीनशे किलोमीटरवर. ढिगारा किती उंच जातो आणि कुठल्या बाजूला वाहतो हे इतकं सविस्तर त्याआधी कधी मिळालं नव्हतं, आणि कितीतरी लोकांना त्यांच्या माणसांचे फोटो परत मिळाले ते वेगळंच.

पण मूळ अडचण आहे तिथेच आहे, मोडायला काही नसेल तर आकडाही नाही. 31 मे 2013, ओक्लाहोमातलं एल रीनो. गाडीवर बसवलेल्या फिरत्या रडारने तिथे ताशी साडेचारशे किलोमीटरहून जास्त वारा मोजला, रुंदी चार किलोमीटरच्या वर, आजवर नोंदलेला सगळ्यात रुंद टोर्नेडो. पण तो बहुतेक शेतांवरून गेला. आधी ईएफ-5 दिलं, मग नियमानुसार पाडलेल्या वस्तू बघितल्या आणि खाली आणलं, ईएफ-3. त्यात आठ माणसं गेली, टिम समारास यांच्यासारखा अनुभवी संशोधकही.

आणि मग 20 जून 2025, नॉर्थ डकोटातलं एंडरलिन, तीन मृत्यू. पहिल्या पाहणीत ईएफ-3. पण तिथे रुळावर मालगाडी होती, धान्याने भरलेले डबे उलटले होते आणि एक रिकामा टँकर डबा उचलून लांब शेतात फेकलेला होता. डब्याचं वजन माहिती असतं, आकार माहिती असतो. इंजिनियरांनी बसून गणित केलं, एवढा डबा उचलायला वारा किती लागेल, आणि ऑक्टोबरमध्ये रेटिंग बदललं. ईएफ-5, ताशी 338 किलोमीटरच्या वर. 2013 मध्ये ओक्लाहोमातल्या मूरला झालेल्या ईएफ-5 नंतर बारा वर्षांनी पहिला, आणि तो ठरवला मालगाडीच्या डब्यांनी.