शेवटचा टप्पा : जेसन लेझॅक

चौघांनी एकामागोमाग प्रत्येकी १०० मीटरचा टप्पा पोहायचा, ती ४ बाय १०० मीटर फ्रीस्टाईल रिले. ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी ती आली १९६४ साली. २०००च्या आधी ही शर्यत सात वेळा झाली आणि सातही वेळा अमेरिकाच जिंकली. मग आलं सिडनी. इयान थॉर्पनं शेवटच्या टप्प्यात गॅरी हॉल ज्युनियरला गाठलं, मागे टाकलं आणि सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाकडे गेलं. अमेरिकेच्या त्या हरलेल्या संघात तिसरा टप्पा पोहला होता कॅलिफोर्नियाचा २४ वर्षांचा जेसन लेझॅक.

चार वर्षांनी अथेन्समध्ये शेवटचा टप्पा त्याच्यावर सोपवला गेला. संघात मायकेल फेल्प्सही होता. तरी दक्षिण आफ्रिकेनं विश्वविक्रमासह बाजी मारली, नेदरलँड्स दुसरं आलं, अमेरिका थेट तिसरी. वैयक्तिक १०० मीटरमध्ये तर लेझॅक प्राथमिक फेरीतच गारद झाला. चौघं चार वेगवेगळ्या प्रकारांत पोहतात त्या मेडले रिलेचं सुवर्ण हाती आलं, पण फ्रीस्टाईल रिलेची सल राहिलीच.

पुढे त्यानं प्रशिक्षकाशिवाय, एकट्यानंच सराव करायला सुरुवात केली. आज काय पोहायचं, किती पोहायचं, हे सांगणारं दुसरं कुणी नाही. ज्याचं नाव रिलेमुळे झालं, तो सरावाला मात्र एकटा. लेझॅकच्या कारकिर्दीतली ही गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते.

बीजिंग, ११ ऑगस्ट २००८. अमेरिका चौथ्या लेनमध्ये, फ्रान्स पाचव्या. फ्रान्सकडून शेवटच्या टप्प्याला आलाँ बर्नार. त्याच सकाळपर्यंत १०० मीटरचा विश्वविक्रम त्याच्या नावावर होता. याच शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात ऑस्ट्रेलियाच्या एमन सलिवननं तो मोडला.

आता रिलेतली उडी नीट बघा. आपला सहकारी भिंतीकडे झेपावत असतो, तेव्हाच ब्लॉकवरच्या, म्हणजे उडी घेण्याच्या ओट्यावरच्या, खेळाडूचे हात फिरू लागतात, अंग पुढे झुकतं. पायाची बोटं मात्र ब्लॉकला टेकलेलीच हवीत. सहकाऱ्याचा हात भिंतीला लागण्याआधी ती ०.०३ सेकंदापेक्षा जास्त लवकर सुटली, तर अख्खा संघ बाद.

लेझॅकची पाळी आली तेव्हा फ्रान्स ०.५९ सेकंदानं पुढे होतं. पहिल्या ५० मीटरमध्ये हे अंतर आणखी वाढलं. बर्नारनं आधी वळण घेतलं. १०० मीटरच्या शर्यतीत एवढी पिछाडी भरून निघत नाही, असंच कुणीही म्हणेल.

पण बर्नार दोन लेनमधल्या, लेझॅकच्या बाजूच्या दोराला खेटून पोहत होता. लेझॅकही त्याच दोराला चिकटला. पुढच्या जलतरणपटूमुळे पाण्यात जी लाट उठते, तिच्या आधारानं मागच्याला ओढ मिळते, श्रम वाचतात. लेझॅकनं ती लाट पकडली. शेवटच्या २० मीटरमध्ये बर्नारचे हात जड होऊ लागले आणि लेझॅक हाताहातानं जवळ येत गेला. अखेर दोघांचे हात भिंतीला जवळजवळ एकदमच लागले.

अमेरिका ३ मिनिटं ०८.२४ सेकंद. फ्रान्स ३ मिनिटं ०८.३२ सेकंद. फरक ०.०८ सेकंदाचा. जुना विश्वविक्रम जवळजवळ चार सेकंदांनी मागे पडला.

लेझॅकचे १०० मीटर ४६.०६ सेकंदांत झाले होते. इतक्या वेगानं तोवर कुणीच पोहलं नव्हतं. तरीही १०० मीटरच्या विक्रमांच्या यादीत ही वेळ गेली नाही, जाणारही नव्हती. झेपावत घेतलेल्या उडीमुळे रिलेत वेळ वाचतो, म्हणून विक्रमासाठी फक्त पहिल्या टप्प्याची वेळ धरतात. नियम रास्तच आहे. पण त्या ३२ वर्षांच्या माणसानं त्या सकाळी जे केलं, त्याचं मोल यादीनं ठरवू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

तीन दिवसांनी वैयक्तिक १०० मीटरमध्ये बर्नार जिंकला. लेझॅकला ब्राझीलच्या सेझार सिएलोसोबत कांस्यपदक विभागून मिळालं. ऑलिंपिकमधलं त्याचं हे एकमेव वैयक्तिक पदक. १७ ऑगस्टला मेडले रिलेत पुन्हा शेवटचा टप्पा त्याचाच. या वेळी आघाडी हातात होती आणि मागे सलिवन लागला होता. लेझॅकनं आघाडी सोडली नाही आणि फेल्प्सचं बीजिंगमधलं आठवं सुवर्ण पक्कं झालं.

२०१२ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, लंडनमध्ये तो फ्रीस्टाईल रिलेच्या प्राथमिक फेरीत पोहला. अंतिम फेरीच्या चौघांत तो नव्हता. तिथे फ्रान्सनं अमेरिकेला शेवटच्या टप्प्यात मागे टाकलं. प्राथमिक फेरीत पोहल्यामुळे रौप्यपदक त्यालाही मिळालं. त्याचं हे आठवं ऑलिंपिक पदक, आणि रिलेतलं सातवं.