आंबुशी: शेंग उभी राहण्याआधी

(दृश्य: पहाट. हिरवळीवर दव. कॅमेरा अगदी जमिनीलगत.)

पुण्यातल्या एका सोसायटीची बाग. जुलै महिना, सकाळचे सहा. हिरवळीला अजून पूर्ण जाग आलेली नाही. जरा खाली वाकून पाहा. गवताच्या पात्यांमध्ये तीन-तीन पानांच्या बारीक छत्र्या मिटून, माना खाली घालून उभ्या आहेत. ऊन वर आलं की त्या उघडतील. भर दुपारी ऊन फारच कडक झालं तर पुन्हा मिटतील, आणि संध्याकाळ झाली की रात्रीपुरत्या झोपी जातील. प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे छत्रीतल्या छोट्या पानाच्या, बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींमधलं पाणी कमीजास्त झालं की पान वर-खाली होतं. लाजाळूचं पानही याच तत्त्वावर मिटतं.

हिचं नाव आंबुशी. काही भागांत आंबुटी म्हणतात. कोकणातल्या माणसाला आंबोशी म्हटलं की कैरीच्या वाळवलेल्या फोडी आठवतील. नावं वेगळी, आंबटपणा तोच. शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा, लिनियसने १७५३ साली दिलेलं. त्यातल्या पहिल्या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेतल्या आंबट या अर्थाच्या शब्दात आहे, आणि दुसऱ्याचा अर्थ शिंगांची. ही शिंगं म्हणजे तिच्या शेंगा. आजची सगळी गोष्ट त्या शेंगांभोवती फिरणार आहे.

(दृश्य: पानाचा क्लोजअप. शेजारी एक रुपयाचं नाणं.)

आधी ओळख पक्की करू. एका देठावर तीन पर्णिका, आणि प्रत्येक पर्णिका बदामाच्या आकाराची, टोकाला मधोमध खाच असलेली. क्लोव्हर या चाऱ्याच्या रोपालाही तीन पानं असतात, पण ती लांबट गोल असतात आणि त्यांवर बहुधा फिकट पांढुरकी कमान दिसते. आंबुशीच्या पानावर अशी कमान नसते. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, जेमतेम सेंटिमीटरभर. खोड बारीक, जमिनीवर सरपटणारं, आणि जिथे पेर टेकेल तिथे मूळ धरणारं. कुंड्यांमध्ये हिचं जांभळट पानांचं रूपही दिसतं. तेही पुष्कळांना शोभेचं वाटतं आणि ते राहू देतात.

एवढ्यावरही शंका राहिली तर एक पान चघळून बघा. चव चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखी लागते. मात्र बागेत औषध फवारलेलं नाही याची खात्री असेल तरच.

हिरवळीतली बाकीची तणं माळ्याच्या नजरेत चटकन येतात. एकदांडी पांढरं-पिवळं फूल लांब दांड्यावर मिरवते, दुधाणी तोडली की चीक येतो, गाजर गवत तर लांबूनच ओळखू येतं. आंबुशी मात्र गवताच्याच उंचीची, गवताच्याच रंगाची. कापणी यंत्राचं पातं तिच्या डोक्यावरून जातं आणि ती खाली तशीच पसरत राहते. जागा बोडकी दिसायला लागते तेव्हा कळतं, की इथलं गवत कधीच संपलं.

(दृश्य: शेंगेचा क्लोजअप. बोटाचा हलका स्पर्श. शेंग फुटते. तेच पुन्हा, संथ गतीने.)

हे दृश्य टिपायला आमच्या चार सकाळी गेल्या. शेंग पाच कडांची, भेंडीच्या कोवळ्या पिल्लासारखी, सरळ वर तोंड केलेली. आत बिया रांगेत बसलेल्या, आणि प्रत्येक बीवर एक पांढुरकं, लवचिक आवरण. बी पिकलं की या आवरणातला पाण्याचा दाब वाढत जातो. मग वारा, मुंगी, पावसाचा थेंब, आपलं बोट, काहीही पुरतं. आवरण फाटतं, झटक्यात उलटं होतं, आणि बी शेंगेच्या फटीतून बाहेर फेकलं जातं. कित्येक फूट दूर. बी ओलसर आणि चिकट असतं, वर आडव्या खरखरीत रेघा. चपलेला, पँटीला, कापणी यंत्राच्या चाकाला चिकटून ते पुढच्या वाफ्यात पोचतं. एका रोपाला अशा हजारो बिया येऊ शकतात.

माझ्या गच्चीवर हे मी स्वतःच्या हातांनी घडवून आणलं आहे. एका नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीच्या कुंडीत दोन-चार आंबुश्या होत्या. पिवळी फुलं छान दिसत होती म्हणून राहू दिल्या. महिन्याभराने उपटायला गेले तेव्हा शेंगा टरारल्या होत्या. हात लावताच बोटांवर, चष्म्यावर तडतड बिया उडाल्या. पुढच्या पावसाळ्यात गच्चीवरच्या एकूण एक कुंडीत आंबुशी होती. नर्सरीतून रोप आणलं की वरची बोटभर माती काढून टाकायची, तिथे नवी माती किंवा खत भरायचं, हे मी तेव्हापासून एकदाही चुकवलेलं नाही.

(दृश्य: माळीमामा उकिडवे बसून खुरपं चालवताना.)

या बागेतले माळीमामा पाऊस पडून गेल्यावरच खुरपणीला बसतात. ओल्या मातीतून मूळ अख्खं येतं, कोरड्या मातीत खोड हातात येतं आणि मूळ आत राहतं. त्यांची पद्धत बघा. सरपटणारी फांदी दोन बोटांत धरून ते ती मागे मागे नेतात, मधल्या बुंध्यापर्यंत, आणि मग खुरप्याचं टोक सरळ खाली घालून मुळासकट उचलतात. तुटलेला तुकडा मागे ठेवत नाहीत, कारण पेर ओल्या मातीला टेकलं की पुन्हा मूळ धरतं. मी विचारलं, “मामा, किती दिवसांनी फिरता?” ते म्हणाले, “ताई, फूल दिसलं की फिरायचं. शेंग उभी राहिली की आपण हरलो.”

मलाही एवढंच कळकळीने सांगायचं आहे. पिवळं फूल दिसल्यापासून शेंग फुटेपर्यंतचे थोडे दिवस आपल्या हातात असतात. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी एक फेरी मारली, तर तण निघतं आणि जमिनीत नवं बी पडत नाही. शेंगा आल्याच असतील तर रोप उपटण्याआधी त्यावर ओलं फडकं टाका आणि फडक्यासकट पिशवीत घ्या. हा पाला कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. घरगुती ढीग सहसा इतका तापत नाही की बी मरेल. पिशवीचं तोंड बांधून ती उन्हात ठेवा.

आता जमिनीत आधीच पडलेल्या बियांचं काय? आंबुशीच्या बीला रुजायला उजेड हवा असतो. म्हणून वाफा उगाच उकरला की खाली दडलेली बी वर येते आणि तरारून उगवते. झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचा किंवा नारळाच्या सोडणाचा दोन-तीन इंच जाड थर दिला तर हाच उजेड अडतो. रिकामा वाफा असेल तर एप्रिल-मेचं ऊन फुकट मिळतं. माती भिजवायची, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवायचं, कडा मातीत दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. वरच्या थरातलं पुष्कळसं बी शिजून जातं.

हिरवळीवर ना पालापाचोळा चालतो ना प्लॅस्टिक. तिथे गवतालाच बळ द्यावं लागतं. लॉन जमिनीसरशी भादरायची आपल्याकडे फार हौस आहे आणि ती महागात पडते. गवत दीड-दोन इंच ठेवलं तर त्याची सावली मातीवर पडते, आणि सावलीत आंबुशीचं बी रुजायला कचरतं. पाणीही रोज शिंपडल्यासारखं देऊ नका. वरचा थर सतत ओला राहिला की आंबुशीची चैन होते. दोन पाण्यांमध्ये अंतर ठेवा, पण द्याल तेव्हा खोलवर मुरेल असं द्या. बोडक्या जागी गवताचे ठोंब लगेच लावून टाका.

औषधाबद्दल लोक हमखास विचारतात. रुंद पानांच्या तणांसाठी शेतीत टू-फोर-डी वापरतात. ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं, रुंद पानांचं तण वेडंवाकडं वाढून मरतं आणि गवत वाचतं. पण आंबुशीवर ते एकटं फारसं चालत नाही. वर त्याचे फवारे वाऱ्याने उडून शेजारच्या टोमॅटोची पानं आकसतात, द्राक्षाचा आणि कपाशीचा तर ते वैरीच. ग्लायफोसेट हे तणनाशक आंबुशीबरोबर गवतही जाळतं, आणि २०२२ साली केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. घरच्या बागेत, जिथे मुलं लोळतात, तिथे मी खुरप्याच्या पलीकडे जाणार नाही. फरशीच्या फटींमध्ये उकळतं पाणी ओता, दोन-तीनदा. मीठ मात्र नको, त्याने माती बिघडते.

(दृश्य: गुलाबी फुलांची आंबुशी. खुरप्याने उचललेलं मातीचं ढेकूळ, त्यात बारीक कंद.)

हिची एक गुलाबी फुलांची बहीणही बागेत भेटते. पानं मोठी, आणि मूळ घर उष्ण कटिबंधातली अमेरिका. तिचा डाव जमिनीखाली चालतो. मुळाशी लसणाच्या बारीक पाकळ्यांसारखे कंद असतात आणि पानं ओढली की ते मातीत सुटे होतात. तिला उपटू नये. ढेकळासकट उचलून माती चाळून घ्यावी.

(दृश्य: संध्याकाळ. कुंपणाच्या भिंतीलगत आंबुशीचा छोटा ताटवा. त्यावर इवलंसं निळसर फुलपाखरू.)

हे फुलपाखरू पेल ग्रास ब्लू. याच्या अळ्या आंबुशीची पानं खाऊन वाढतात. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्टीत दुर्घटना झाली, तेव्हा जपानी संशोधकांनी किरणोत्साराचा परिणाम याच फुलपाखरावर तपासला आणि अळ्यांना तिथल्या आंबुशीचीच पानं खाऊ घातली. त्याच जपानमध्ये आंबुशीचं पान शेकडो वर्षं घराण्यांचं चिन्ह म्हणून मिरवलं गेलं. जे उपटून संपत नाही तसा आपला वंश असावा, ही त्यामागची इच्छा. आपल्याकडे आयुर्वेदात ती चांगेरी आहे, चांगेरी घृत तिच्यापासून बनतं. काही घरांत तिची चटणी आणि आमटी होते. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती खाऊ नये.

मामांनी भिंतीजवळचा हा ताटवा काढलेला नाही. शेंग दिसली की तेवढी खुडून खिशात टाकतात, पानं अळ्यांसाठी ठेवतात. आता अंधार पडतो आहे. पानं एकेक करून मिटू लागली आहेत, आणि एका मिटलेल्या पानाखाली ते फुलपाखरू पंख जोडून बसलं आहे.