आग्रा रोडच्या पुढे

[दृश्य : धुळे, आग्रा रोडवरची संध्याकाळची गर्दी]

धुळ्यात आग्रा रोड म्हणजे बाजार. लग्नाचा बस्ता बांधायला अर्धा जिल्हा इथं येतो. हा रस्ता खरोखरच आग्र्याला जातो, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतं. जुना मुंबई-आग्रा महामार्ग नगावबारी ओलांडतो, सावळद्याला तापी पार करतो, शिरपूर मागं टाकून पळासनेरला मध्य प्रदेशात शिरतो आणि ग्वाल्हेरवरून आग्रा गाठतो. तिथं ताजमहाल आहे, आणि हवाई दलाची एक शाळाही आहे. आपल्या भूदलाचे छत्रीधारी सैनिक उडी मारायला शिकतात ते या शाळेत.

[दृश्य : सरावाचा मनोरा, विमानाचं उघडं दार]

पॅरामध्ये, म्हणजे या छत्रीधारी पलटणींमध्ये, कुणाला हुकमानं पाठवत नाहीत. स्वतःहून नाव द्यावं लागतं. मग काही महिने पलटणीत पारख होते आणि त्या दिवसांत खांद्यावरचे तारे अधिकाऱ्याच्या फारसे कामी येत नाहीत. जवानाइतकंच ओझं पाठीवर, जवानाइतकंच पळणं. त्यातून तरला, तर आग्रा. पाय जुळवून, गुडघे सैल सोडून जमिनीवर कसं लोळायचं, ते आधी अंगात मुरवतात. मग पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. त्यानंतर गणवेशावर पंख येतात, डोक्यावर मरून टोपी येते.

छत्रीचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो. माणूस दाराबाहेर पडला की तो पट्टाच छत्री ओढून उघडतो. हजार-बाराशे फूट खाली यायला मिनिटभरही लागत नाही. त्या मिनिटाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. खरं तर उडी हा नुसता प्रवास. अधिकाऱ्याची कसोटी लागते ती पाय टेकल्यावर. अंधार पडत असतो, माणसं शेतांत विखुरलेली असतात, नकाशा आणि समोरचं गाव जुळत नसतं, आणि तासाभरात पलटण उभी करायची असते.

[दृश्य : नकाशा, टांगाईल ते ढाका]

११ डिसेंबर १९७१. बांगलादेशाचं युद्ध सुरू होतं. बंगालमधल्या कलाईकुंडा आणि दमदम इथून विमानं उडाली. आत होती २ पॅरा, मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. त्यांचा ॲडज्युटंट, म्हणजे पलटणीचा सगळा कारभार हाताखाली असलेला तरुण अधिकारी, कॅप्टन निर्भय शर्मा.

उतरायची जागा पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, टांगाईलजवळ. पॅरा ब्रिगेडचे कॅप्टन पी. के. घोष आधीच आत जाऊन कादर सिद्दीकींच्या मुक्तिवाहिनीला, म्हणजे पाकिस्तानशी लढणाऱ्या स्थानिक बंगाली सैनिकांना, मिळाले होते. दिवस कलताना सातशेच्या आसपास जवान आकाशातून उतरले. काही भलतीकडेच पडले, काही सामान तळ्यांत गेलं. गावकरी धावत आले आणि दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन चालू लागले. शेतात माल भरताना सगळा गाव हात लावतो ना, तसं.

काम होतं लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेण्याचं. उत्तरेकडून माघार घेणारी पाकिस्तानी ९३ ब्रिगेड त्याच वाटेनं ढाक्याकडे निघाली होती. पूल त्याच संध्याकाळी हाती आला. रात्री पाकिस्तानी तुकड्या पुलावर पुन्हा पुन्हा चालून आल्या, पण पलटण हलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमालपूरकडून लढत आलेली १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, तिथं येऊन मिळाली. एक मराठा पलटण आभाळातून, दुसरी पायी, आणि भेट बंगालमधल्या एका पुलावर! ही गोष्ट आपल्या शाळांमध्ये सांगितली जात नाही, याचं मला नवल वाटतं.

एक गंमतही सांगायला हवी. दिल्लीहून प्रसिद्धीला दिलेला छत्र्यांचा फोटो टांगाईलचा नव्हताच, तो आधीच्या एका सरावाचा होता. बातम्यांमध्ये सातशेचे पाच हजार झाले. ढाक्यात बसलेल्यांनी तो आकडा खरा धरला.

[दृश्य : मीरपूर पूल, ढाका]

१६ डिसेंबरची सकाळ. २ पॅरा ढाक्याच्या वेशीवर, मीरपूर पुलाशी येऊन ठेपलेली. आपले मेजर जनरल नागरा यांनी पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख जनरल नियाझींना चिठ्ठी लिहिली. दोघांची जुनी ओळख होती. मजकूर एवढाच, की मी येऊन पोचलोय, आता खेळ संपला, तेव्हा शरण या. चिठ्ठी घेऊन जीपमधून शत्रूच्या हद्दीत निघालेल्या मोजक्या अधिकाऱ्यांत कॅप्टन शर्मा होते. पुढच्याच क्षणी समोरून गोळी येणार की सलाम, हे सांगायला कुणी नव्हतं. दुपारी रमणा रेसकोर्सवर शरणागतीवर सह्या झाल्या. पन्नूंना महावीर चक्र मिळालं.

[दृश्य : वर्तमानपत्रांची कात्रणं]

कॅप्टन शर्मा पुढे लेफ्टनंट जनरल झाले. श्रीनगरच्या १५ कोअरची कमान त्यांनी सांभाळली. वर्दी उतरल्यावर ते केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य झाले आणि मग अरुणाचल प्रदेश व मिझोरामचे राज्यपाल.

[दृश्य : पहाटे धावणारी पोरं, शिरपूर परिसर]

सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या एनडीए आणि सीडीएस या परीक्षा हाच आयोग घेतो. खान्देशात भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांना तोटा नाही. सोळाशे मीटरची वेळ त्यांना तोंडपाठ असते. या परीक्षांचे फॉर्म भरणारे मात्र कमी दिसतात. ‘साहेब होणं आपलं काम नाही रे भाऊ’ असं घरातच ऐकवलं जातं. पात्रता एनडीएला बारावीची आणि सीडीएसला पदवीची आहे, आडनावाची किंवा इंग्रजी शाळेची नाही. दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७पासून छत्रपती संभाजीनगरला आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. धुळ्याहून दोन्हीकडे सकाळच्या एसटीनं निघालं, तर दुपारच्या आत पोचता येतं.