किल्ली सोडण्याआधी की सोडल्यावर?

नमस्कार श्रोतेहो.

आज गाडीच्या सेल्फबद्दल बोलायचं आहे. कुणी स्टार्टर मोटर म्हणतं, कुणी सेल्फ, वस्तू एकच. नवा किंवा दुरुस्त केलेला सेल्फ गाडीला बसवताना त्याचे दाते फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये नीट उतरतात की नाही, हे बघायचं बहुतेकदा राहून जातं. बोल्ट आवळले, वायर जोडली, किल्ली फिरवली, इंजिन लागलं, की हात पुसून आपण मोकळे. पण इंजिन लागणं वेगळं आणि दाते नीट बसणं वेगळं. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण मला ते एका गाडीने शिकवलं.

त्याआधी दोन मिनिटांत आतली गंमत समजून घेऊ. किल्ली फिरवली की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, आतला दांडा ओढून घेतो. दांड्याला जोडलेला काटा पिनियनला, म्हणजे सेल्फच्या लहान दातेरी चाकाला, पुढे सरकवतो आणि रिंगच्या दात्यांत घालतो. मग मोटर जोरात फिरते. पिनियन लहान, 9-10 दात्यांचं. रिंग मोठी, शंभराहून जास्त दात्यांची. त्यामुळे पिनियनचे 10 ते 15 फेरे होतात तेव्हा कुठे इंजिनाचा एक फेरा होतो. इंजिन लागल्यावर मात्र हे गणित उलटतं. इंजिन मिनिटाला 1000 फेरे घेत असेल आणि पिनियन रिंगमध्येच राहिलं, तर त्याला 10,000 ते 15,000 फेऱ्यांनी पळावं लागतं. त्यासाठी पिनियनच्या मागे एकाच दिशेने पकडणारा क्लच दिलेला असतो. तो मोटरला वाचवतो. दात्यांना वाचवणं मात्र आपल्या हातात असतं.

विजेचा हा सेल्फ चार्ल्स केटरिंग यांच्या कामातून 1912 च्या कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी पुढून हँडल मारायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. कुठली गाडी किती वेगाने पळाली हे लोकांना तोंडपाठ असतं, आणि ज्याच्यामुळे मनगटं वाचली त्याचं नाव ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. असो.

आता ती गाडी.

मला काम शिकायला लागून दोन वर्षं झाली होती. एका डॉक्टरबाईंची जुनी गाडी आली. रात्री-बेरात्री पेशंटकडे जायचं त्यांचं काम, त्यामुळे गाडी एका किल्लीत लागायलाच हवी. सेल्फ जळला होता. उस्ताद बाहेर गेले होते. जाताना म्हणाले, "तूच बसव. घाई करू नकोस." मी गाडीखाली शिरलो, दोन बोल्ट काढले, जुना सेल्फ उतरवला. उतरवताना सेल्फ आणि इंजिनाच्या मधून पत्र्याची एक पातळ पट्टी खाली पडली. काळीकुट्ट, तेलाने माखलेली, दोन भोकांची. मला वाटलं, जुन्या पॅकिंगचा तुकडा असेल. मी ती रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकून दिली. बसायची जागा घासून स्वच्छ केली, नवा सेल्फ चढवला, बोल्ट आवळले. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. डॉक्टरबाई खूश, मीही खूश.

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. गाडी चालूच होती, बंद पडलेली नव्हती. पण त्या म्हणाल्या, "गाडी लागते छान, पण मग एक शिट्टी वाजते. चिरकी. क्षणभरच." मी ताबडतोब म्हणालो, "नवा सेल्फ आहे, बसेल दोन दिवसांत." हे मी शिकून घेतलेलं उत्तर होतं, तपासलेलं नव्हतं.

उस्ताद आतून आले. त्यांनी बॉनेट उघडलं नाही की पाना उचलला नाही. डॉक्टरबाईंना एवढंच विचारलं, "शिट्टी किल्ली सोडायच्या आधी वाजते, की सोडल्यावर?"

बाई थांबल्या. विचार करून म्हणाल्या, "इंजिन लागतं, मी किल्ली सोडते, आणि तेव्हा वाजते." मग हसून म्हणाल्या, "मी पेशंटला हेच विचारते. दुखतं कधी, हे कळलं की अर्धं निदान होतं."

उस्ताद माझ्याकडे वळले. "मधली शिम कुठे आहे?"

मला शिम म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. ती दोन भोकांची पट्टी! मी ट्रेमध्ये हात घातला. नशिबाने अजून ट्रे रिकामा केला नव्हता. पट्टी मिळाली. त्यांनी ती पुसली, चिमटीत धरून मला दाखवली आणि गाडीखाली जायला सांगितलं.

खालचं झाकण काढून मी आत बघितलं. बॅटरीची वायर सोडलेली होती, त्यामुळे हात घालायला हरकत नव्हती. उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे स्क्रूड्रायव्हरने पिनियन पुढे ओढून रिंगमध्ये घातलं. त्यांनी अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेचा तुकडा हातात दिला. "पिनियनच्या दात्याचं टोक आणि रिंगच्या दोन दात्यांमधला खोलगा, यांच्यामध्ये घाल." तार जाईना. दाब देऊनही जाईना. पिनियन रिंगमध्ये घट्ट दाबून बसलं होतं. अंगठ्याने रिंगचे दाते चाचपले तर बोटाला बारीक चकचकीत किस लागला. तीन दिवसांत लोखंड खरवडायला लागलं होतं.

शिम परत घातली. एवढीशी पट्टी, पण तिने सेल्फ रिंगपासून किंचित लांब झाला. आता तार गेली. सैल नाही, अडकूनही नाही. हाताला जरा ओढ जाणवत गेली. उस्ताद वरून म्हणाले, "ही ओढ लक्षात ठेव. आकडा विसरलास तरी चालेल." किल्ली फिरवली. इंजिन लागलं, किल्ली सुटली, शिट्टी नाही. डॉक्टरबाईंनी स्वतः पाच वेळा गाडी लावून-बंद करून बघितली आणि मगच गेल्या.

आजही नव्या मुलाला शिकवताना मी तो तारेचा तुकडा त्याच्या हातात देतो.

म्हणून श्रोतेहो, हे कानात साठवा. शिट्टी इंजिन लागल्यावर, किल्ली सोडताना वाजली, तर पिनियन रिंगच्या फार जवळ आहे: शिम घालून लांब न्यायचं. शिट्टी इंजिन लागण्याआधी, फिरत असतानाच वाजली, तर पिनियन फार लांब आहे: शिम काढून जवळ आणायचं. पुन्हा सांगतो. लागल्यावर वाजली, फार जवळ. लागण्याआधी वाजली, फार लांब. हे ऐकायचं असेल तेव्हा कामाच्या जागी गाणी बंद असावीत, रेडिओसुद्धा, असं माझं स्पष्ट मत आहे. निम्म्या चुका कानाला ऐकू येतात, पण आपण ऐकत नाही.

आता बाकीचं भराभर. बहुतेकदा खालून दोन बोल्टवर बसणाऱ्या सेल्फलाच अशा शिम असतात. कित्येक गाड्यांत सेल्फचं नाक घडवलेल्या भोकात बसतं आणि अंतर आपोआप ठरतं. तिथे शिम नसते, म्हणून तिथे ती घालायलाही जाऊ नका. तिथे बघायचं ते वेगळं: बसायची जागा गंज, रंग आणि माती काढून स्वच्छ आहे का? सेल्फचं तोंड सपाट टेकलं का? दोन्ही बोल्ट आधी हाताने पूर्ण लागले पाहिजेत. तिरका बसलेला सेल्फ बोल्टच्या जोराने ओढून सरळ करायचा नाही. काही बोल्टच्या मधल्या भागावर बारीक उभ्या रेघा असतात. त्या सेल्फला जागेवर धरतात. त्याऐवजी साधा बोल्ट लावला तर सेल्फ सरकतो.

नवा सेल्फ चढवण्याआधी जुन्याच्या शेजारी ठेवा. पिनियनचे दाते मोजा, नाकाची लांबी बघा, फिरायची दिशा बघा. एक दाता कमी-जास्त असला तरी तो सेल्फ परत करा.

आणि रिंग एका जागी बघून भागत नाही. इंजिन बंद होताना सिलिंडरमधल्या दाबामुळे ठरावीक जागीच थांबतं. चार सिलिंडरचं असेल तर साधारण दोन जागी. त्यामुळे दाते तिथेच झिजतात आणि बाकीची रिंग नव्यासारखी दिसते. इंजिन पान्याने हाताने फिरवत पूर्ण एक फेरा बघा. कधी सेल्फ नुसता घरघर फिरतो आणि जरा ढकलल्यावर गाडी लागते, ती तक्रार बहुतेकदा याच दोन जागांची असते. तिथे सेल्फ बदलून पैसे वाया घालवू नका. आधी रिंग बघा.

सेल्फ स्थिर असताना पिनियन रिंगला टेकता कामा नये, मध्ये हवा दिसली पाहिजे. किती अंतर हवं ते त्या गाडीच्या पुस्तकात बघा. गाडीचं पुस्तक गाडीतच ठेवावं, कपाटात नाही, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. त्यातच एक कोरं पान लावून काय बदललं, कधी बदललं, मधे शिम होती की नाही, तेही लिहून ठेवा.

गाडीखाली जाण्याआधी बॅटरीची ऋण वायर काढा. सेल्फकडे येणारी जाड वायर थेट बॅटरीतून येते, किल्ली बंद असली तरी तिच्यात वीज असते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि वजन स्टँडवर. नुसत्या जॅकवर विसंबून खाली झोपायचं नाही. सेल्फचं वजनही कमी नसतं, शेवटचा बोल्ट सोडताना एक हात खाली असू द्या.

सगळं जोडून झाल्यावर किल्ली काही सेकंदच फिरवा, मग मोटरला थंड होऊ द्या. चार-पाच वेळा लावा, बंद करा. प्रत्येक वेळी तेच ऐका: किल्ली सोडण्याआधी, की सोडल्यावर?

नमस्कार.