आजीची भाषा, बासचा ठेका : लिंटन क्वेसी जॉन्सन

नमस्कार मंडळी. आज ज्या कवीबद्दल मी बोलणार आहे, त्यांची कविता मी आधी ऐकली आणि बऱ्याच वर्षांनी वाचली. आधी कानांनी, मग डोळ्यांनी. या कवीच्या बाबतीत हाच क्रम योग्य आहे असं मला आजही वाटतं. आधी पुस्तक हाती आलं असतं, तर त्यातलं स्पेलिंग बघून मी कदाचित ते मिटून ठेवलं असतं.

जमैकाच्या क्लॅरेंडन परगण्यात चॅपलटन नावाचं छोटं गाव आहे. तिथे 24 ऑगस्ट 1952 रोजी लिंटन जॉन्सन यांचा जन्म झाला. तो रविवार होता. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांत रविवारी जन्मलेल्या मुलाला क्वेसी म्हणतात. हे मधलं नाव त्यांनी मोठेपणी स्वतः घेतलं. ज्यांच्या पूर्वजांना जहाजात कोंबून ऊस तोडायला नेलं आणि मालकाची नावं चिकटवली, त्यांच्यातल्या एकाने जन्मवार शोधून आपलं नाव परत मिळवलं. मला यात त्यांची सगळी कविता बीजरूपाने दिसते.

लहानपणी ते आजीकडे होते. कष्टकरी शेतकरी बाई, लिहिता-वाचता न येणारी. नातवाने रोज बायबल मोठ्याने वाचून दाखवायचं आणि आजीने ऐकायचं. विशेषतः जुन्या करारातली स्तोत्रं. ते वाचून झालं की अंधारात भुतांच्या गोष्टी, अनान्सी नावाच्या लबाड कोळ्याच्या गोष्टी, म्हणी, कोडी, गाणी, आणि ते सगळं गावच्या बोलीत. म्हणजे पोराच्या कानात एकाच वेळी दोन भाषा भरत होत्या. एक बायबलची भारदस्त, राजेशाही इंग्रजी आणि दुसरी जमैकाची पात्वा. पात्वातले बहुतेक शब्द इंग्रजीतून आले, पण वाक्याची घडण आणि लय आफ्रिकेतून आलेल्या लोकांची. गोऱ्या मास्तरांच्या लेखी ती नुसती मोडकी इंग्रजी. मालवणी किंवा अहिराणी घरात बोलून शाळेत ‘शुद्ध बोल’ म्हणून छडी खाल्लेली माणसं या सभागृहात असतील. त्यांना मी काय म्हणतोय ते वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला माणसं हवी होती. बस चालवायला, इस्पितळांत राबायला, कारखान्यांत उभं राहायला. वसाहतींमधून लोक गेले. लिंटनची आई पुढे गेली आणि 1963 मध्ये, अकराव्या वर्षी, तोही लंडनला पोचला. दक्षिण लंडनमधला ब्रिक्सटन. शाळेत असतानाच ब्रिटनमधल्या, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर चळवळीच्या तरुणांत तो जाऊ लागला. तिथे त्याच्या हाती अमेरिकेतले कृष्णवर्णी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचं 1903 सालचं ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ आलं. काळ्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं असतात, हेच शाळेने त्याला सांगितलं नव्हतं. त्या गद्याने त्याला असं काही हलवलं की तो कविता लिहू लागला.

याच गोटात आपल्या पुण्याचे लेखक फारुख धोंडी होते, लेखिका माला सेन होत्या. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक’ हा कातडीपेक्षा राजकारणाचा रंग होता. पंजाबी, बंगाली, पारशी, जमैकन, सगळे त्यात येत. आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. लंडन आणि मुंबई, दोन्हीकडच्या पँथरांनी नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये 1966 साली सुरू झालेल्या संघटनेचं. एकाच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ येतो आणि विशीतला जॉन्सन ब्रिक्सटनमध्ये पोलिसांच्या गाडीत मार खातो, हे मला शेजारी शेजारी ठेवून बघावंसं वाटतं.

तो प्रसंग असा. पोलीस काही कृष्णवर्णी तरुणांना पकडत होते. अशा वेळी पोलिसांचे नंबर टिपून घ्यायचे, पकडलेल्यांची नावं विचारून घरी कळवायचं, ही पँथरांची शिस्त. जॉन्सन यांनी तेच केलं. त्यांनाच उचललं, गाडीत बडवलं आणि उलट त्यांच्यावरच पोलिसांना मारहाण केल्याचा गुन्हा दाखल केला. पुढे ते निर्दोष सुटले. पण कागदावर नंबर टिपणारा तो हात लक्षात ठेवा. त्यांची कविता पुढे आयुष्यभर हेच करत राहिली. कोण, कुठे, केव्हा, कुणी मारलं.

गोल्डस्मिथ्स कॉलेजात समाजशास्त्र शिकता शिकता ते ढोल वाजवणाऱ्या ‘रास्ता लव्ह’ या गटाबरोबर कविता म्हणू लागले. जॉन ला रोझ हे मूळ त्रिनिदादचे कवी-प्रकाशक त्यांचे गुरू. पुढे ते ‘रेस टुडे’ या नियतकालिकाच्या मंडळात आले. 1974 मध्ये पहिला संग्रह आला, 1975 मध्ये ‘ड्रेड बीट अँड ब्लड’. इथे भाषेचा निर्णय पक्का झाला. इंग्लंडला ते ‘इंग्लन’ लिहितात, कारण आजी तसंच म्हणाली असती. ‘द’ला ‘डि’. शब्द कानाला पडतो तसा कागदावर. याला अशुद्धलेखन म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते.

आता संगीताकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे. आपल्या कानाला सम कळते. पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येतात, मान डोलते. रेगेमधला एक मुख्य ठेका याच्या उलटा चालतो. चार मात्रांतली पहिली मोकळी सोडतात. तिथे ढोल वाजतच नाही. सगळं वजन तिसरीवर पडतं, आणि गिटारचा तुटक ‘च्याक’ मधल्या फटींत येतो. त्या मोकळ्या जागेत बास गिटार चालते, जड पावलांनी, गाण्यासारखीच. जमैकात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गाण्यातला आवाज काढून नुसते बास आणि ड्रम ठेवायची पद्धत पडली. त्याला डब म्हणतात. मग डीजे त्या मोकळ्या जागेत बोलायचे, यमकं जुळवायचे. त्या डीजेंच्या कलेला ‘डब पोएट्री’ म्हणावं असं सत्तरच्या दशकात जॉन्सन यांनी सुचवलं, आणि लोकांनी ते नाव त्यांच्याच कवितेला देऊन टाकलं.

त्यांची रीत मात्र डीजेंहून वेगळी. आधी कविता लिहिलेली असते. लिहितानाच मनात बासची एक ओळ चालू असते, असं त्यांनी सांगितलं आहे. बार्बाडोसमध्ये जन्मलेले संगीतकार डेनिस बोव्हेल यांच्याबरोबर ते ती मनातली बास बाहेर काढतात. 1978 चा ‘ड्रेड बीट अँड ब्लड’, 1979 चा ‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’, 1980 चा ‘बास कल्चर’ हे तिन्ही अल्बम याच जोडीचे. ऐकताना लक्षात येतं की ते गात नाहीत. खोल, संथ आवाजात बोलतात. राग आहे, पण ओरडणं नाही. मला हे फार मोठं वाटतं.

‘सनीज लेटा’ हे याचं सर्वांत धारदार उदाहरण. ही कविता म्हणजे तुरुंगातून आईला लिहिलेलं पत्र. पत्राला शोभेल असा पत्ता : ब्रिक्सटन प्रिझन, जेब अॅव्हेन्यू. मग मायना, खुशालीची विचारपूस, जशी गावाकडच्या पत्रात असते. आई, कसं सांगू तेच कळत नाही, धाकट्या जिमची काळजी घ्यायचं तुला वचन दिलं होतं. मग घडलेलं येतं. दोघे भाऊ बसची वाट बघत होते. पोलिसांची गाडी थांबली. जिमला धरलं, तो म्हणाला मी काही केलं नाही. त्यांनी मारायला सुरुवात केली. इथे ओळी अगदी आखूड होतात, एकेक फटका एकेक ओळ. मोठ्या भावाला बघवेना. त्याने हात उचलला. एक पोलीस पडला आणि मेला. जिमवर गुन्हा ‘सस’चा, सनीवर खुनाचा. शेवटी परत पत्राची रीत : आई, धीर सोडू नकोस, तुझा मुलगा सनी.

हा ‘सस’ म्हणजे 1824 च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातलं कलम. नेपोलियनशी झालेली युद्धं संपल्यावर रस्त्यावर आलेल्या बेघर सैनिकांना आवरायला केलेलं. दीडशे वर्षांनी तेच कलम ब्रिक्सटनच्या पोरांवर चाललं. संशय आला एवढं पुरे, आणि साक्षीदार म्हणून दोन पोलीस पुरे. 1981 मध्ये हे कलम रद्द झालं. त्यासाठी आया आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडले होते. कवितेने कायदा बदलला असं मी म्हणणार नाही. पण त्या कायद्याखाली पोराच्या अंगावर काय पडतं ते ब्रिटनने या पत्रात ऐकलं.

साउथहॉल हे लंडनमधलं पंजाब्यांचं गाव. तिथे एप्रिल 1979 मध्ये वंशद्वेष्ट्या नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली, आणि ब्लेअर पीच या न्यूझीलंडहून आलेल्या शिक्षकाचा डोक्यावरच्या फटक्याने जीव गेला. फटका बहुधा पोलिसाचाच, हे सांगणारा पोलिसांचा अंतर्गत अहवाल जाहीर व्हायला 2010 उजाडलं. जॉन्सन यांची पीचवरची कविता 1980 मध्येच आली होती.

आणि मग दक्षिण लंडनमधला न्यू क्रॉस. 18 जानेवारी 1981 ची पहाट, एका मुलीच्या सोळाव्या वाढदिवसाची पार्टी, घराला आग. तेरा तरुण जीव गेले. सरकारकडून सांत्वनाचा शब्द येईना. 2 मार्चला, भर सोमवारी, काम टाकून हजारो कृष्णवर्णी माणसं लंडनमधून चालत गेली. या मोर्चामागच्या कृती समितीचे अध्यक्ष होते जॉन ला रोझ. जॉन्सन यांची कविता आगीने सुरू होत नाही. ती नाचाने सुरू होते. सुरुवातीला ठेका आहे, पोरं-पोरी नाचताहेत, कविताही त्यांच्याबरोबर नाचते. मग ठेका थांबतो आणि साधं बोलणं सुरू होतं. तुम्हाला आठवतंय का, बातमी कळली तेव्हा कसं झालं होतं? ठेका परत येतो, परत थांबतो. ऐकणाऱ्याचा पाय हलायला लागलेला असतो आणि मध्येच त्याला आपल्या पायाची लाज वाटते. शोकगीतं मी पुष्कळ वाचली आहेत, पण अंगात असा खड्डा पाडणारं हेच.

त्याच काळात, 1982 मध्ये, जॉन्सन यांचे वडील जमैकात वारले. ‘रेगे फि दादा’ ही कविता त्यांच्यासाठी. बेटावरच्या गरिबीबद्दल इतकं कडू आणि इतकं हळवं त्यांनी क्वचितच लिहिलं.

पुढचं भराभर सांगतो. स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, रेडिओसाठी जमैकन संगीताचा इतिहास सांगितला, टीव्हीवर वार्ताहरी केली. 2002 मध्ये पेंग्विन मॉडर्न क्लासिक्समध्ये निवडक कविता आल्या. त्या मालिकेत येणारे ते पहिले कृष्णवर्णी कवी. 2020 मध्ये पेन पिंटर हा साहित्य पुरस्कार मिळाला. पुस्तकातलं स्पेलिंग अर्थातच आजीचंच.

आता माझं बोलणं थांबवतो आणि ‘सनीज लेटा’ लावतो. पात्वा कळणार नाही म्हणून घाबरू नका, गोष्ट तुम्हाला माहीत झाली आहे. आधी हार्मोनिका येईल. मग पत्ता येईल, तो नीट ऐका. दिवे राहू द्यात, फक्त पंखे बंद करा, बास ऐकू आली पाहिजे.