खुनी पडद्यावर, खटला थिएटरात

मंडळी, नमस्कार.

सीरियल किलरच्या सिनेमावर व्याख्यान आहे म्हटल्यावर तुमच्यापैकी बरेच जण हिचकॉकच्या ‘सायको’ची वाट बघत आले असतील. ‘सायको’ 1960 चा. मी त्याच्या एकोणतीस वर्षं आधीच्या सिनेमावर बोलणार आहे. फ्रिट्झ लँग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘एम’, लहान मुलींना मारणाऱ्या एका खुन्याची गोष्ट. पुढच्या अशा सगळ्या चित्रपटांचा मूळपुरुष म्हणावा असा. 11 मे 1931 ला बर्लिनमध्ये उफा-पालास्ट आम झू या थिएटरात तो पहिल्यांदा दाखवला गेला.

त्या काळातलं बर्लिन आपल्या इंदूरला अगदीच परकं नाही. त्याच सुमारास एकार्ट मुथेसियस हा बर्लिनचा तरुण वास्तुविशारद महाराजा यशवंतराव होळकरांसाठी माणिकबाग राजवाडा उभा करत होता. माणिकबागेत आलं ते चकचकीत, श्रीमंत, नव्या जगाचं बर्लिन. लँगच्या पडद्यावर त्याच शहराची दुसरी बाजू आहे: कोंदट जिने, धुणं वाळत घातलेले माळे, भिकारी, पाकीटमार आणि कामगारवस्तीतल्या दमलेल्या आया.

पहिल्या प्रेक्षकाची मनःस्थिती काय होती, ते आधी समजून घेऊ. ड्युसेलडॉर्फ शहरात पेटर क्युर्टेन नावाच्या माणसाने अनेक खून केले होते. मे 1930 मध्ये तो पकडला गेला, एप्रिल 1931 मध्ये खटला चालून त्याला देहदंड झाला, आणि 2 जुलैला ती शिक्षा अमलात आली. ‘एम’ लागला तो या दोन तारखांच्या मध्ये. लँगचा खुनी म्हणजे क्युर्टेन नव्हे, पण तिकीट काढून आत बसलेल्या माणसाने सकाळी पेपरात देहदंडाची चर्चा वाचलेली असायची. देहदंड असावा की नसावा, यावर जर्मनीत तेव्हा जोरात वाद चालू होता. प्रेक्षक आपला निकाल घरूनच घेऊन आला होता, असं म्हटलं तरी चालेल.

आता सुरुवातीची काही मिनिटं बघा. अंगणात पोरं गोल करून खेळताहेत आणि गाणं म्हणताहेत ते खुन्याचं. वर एल्सीची आई धुणं धुतेय. घड्याळात बाराचे ठोके पडतात, तिच्या चेहऱ्यावर हसू येतं, ती हात पुसून टेबलावर ताटली मांडते. तिकडे शाळेतून निघालेली एल्सी एका खांबावर चेंडू आपटतेय. खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यासाठी दहा हजार मार्कांच्या इनामाची जाहिरात आहे, आणि तिच्यावर टोपी घातलेल्या माणसाची सावली पडते. तो तिच्या चेंडूचं कौतुक करतो, आंधळ्या फुगेवाल्याकडून तिला फुगा घेऊन देतो. इकडे दार वाजतं. आई धावते, तर कादंबरीचा नवा भाग विकायला आलेला माणूस! मग ती जिन्यात वाकून हाक मारते. एल्सी! रिकामा जिना. एल्सी! रिकामा माळा. ताटली तशीच. झुडपातून चेंडू घरंगळत येतो, फुगा तारांत अडकतो आणि वाऱ्याने सुटून जातो.

बस, एवढंच. संपूर्ण सिनेमात एकाही मुलीचा खून दिसत नाही. लँगची भूमिका स्पष्ट होती: प्रत्यक्ष दाखवलं तर सगळ्यांना एकच दृश्य दिसेल, न दाखवलं तर ज्याच्या-त्याच्या मनात त्याला सगळ्यात असह्य वाटेल तेच उभं राहील. आजच्या वेब सिरीजवाल्यांनी हे शिकायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

आवाजाचंही तसंच. आपला ‘आलम आरा’ याच वर्षी, 14 मार्चला आला आणि गाण्यांनी न्हाऊन निघाला. लँगचाही हा पहिलाच बोलपट. त्यात पार्श्वसंगीत नाही, मध्येमध्ये तर संपूर्ण शांतता आहे. आणि त्या शांततेत एक शीळ. ग्रीग या संगीतकाराची ती धून खुनी नकळत वाजवत राहतो. शेवटी त्याला ओळखतो तोही तो आंधळा फुगेवाला, त्या शिळेवरून. मग एक पोरगा तळहातावर खडूने एम काढतो, म्हणजे ‘मोर्डर’, खुनी या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर, आणि त्याच्या पाठीवर थाप मारतो.

मला सगळ्यात जास्त हलवणारं दृश्य मात्र वेगळंच आहे. एक चश्मा लावलेला म्हातारा रस्त्यात उभा आहे. एक लहान मुलगी त्याला किती वाजले विचारते, तो वेळ सांगतो आणि ‘आता घरी जा, कुठे राहतेस?’ असं विचारतो. तेवढ्यात एक धिप्पाड माणूस पुढे सरसावतो: ती कुठे राहते त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? कॅमेरा म्हाताऱ्याकडे वरून बघतो आणि त्या धटिंगणाकडे खालून. बघता बघता गर्दी जमते आणि ओरडा होतो, हाच तो खुनी!

1 जुलै 2018. आपल्या आग्रा रोडने मुंबईकडे निघालं की जो धुळे जिल्हा लागतो, तिथलं राईनपाडा गाव. बाजारचा दिवस होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांवर मुलं पळवणारी टोळी म्हणून संशय घेतला गेला. मोबाइलवर अफवा आधीच फिरत होत्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. ती बातमी वाचताना मला तो चश्म्यातला म्हातारा दिसत होता.

मधला भाग भराभर सांगतो. पोलिसांच्या धाडींनी चोरांचा धंदा बसतो, म्हणून चोर स्वतःच खुन्याला शोधून काढतात आणि एका बंद पडलेल्या दारूच्या कारखान्यात त्याचा खटला भरवतात. न्यायासनावर बसलेला म्होरक्या स्वतः तीन माणसं मारल्याबद्दल पोलिसांना हवा आहे. आणि समोर गुडघ्यांवर खुनी, म्हणजे त्याची भूमिका करणारा नट पेटर लोरे. मला हे टाळता येत नाही, तो किंचाळतो. तुम्ही चोऱ्या सोडू शकता, काम शिकू शकता. माझ्या आत ही आग आहे, मी स्वतःपासूनच पळतोय. कॅमेरा गर्दीवर फिरतो, तर त्यातले एकदोघे मान डोलावताहेत. त्यांना ते पटतंय! मग एका बाईचा आवाज येतो: आयांना विचारा!

हे भाषण कुणी कसं ऐकलं, यात या सिनेमाचा खरा इतिहास आहे. नाझी पक्षाचा प्रचारप्रमुख गोबेल्स याने तो मे 1931 मध्येच पाहिला आणि खूश होऊन डायरीत लिहिलं की हा माणुसकीच्या हळवेपणाविरुद्ध आणि देहदंडाच्या बाजूने आहे, लँग एक दिवस आमचा दिग्दर्शक होईल. लँग 1933 मध्ये देश सोडून गेला. 1934 मध्ये त्याच नाझींनी ‘एम’वर बंदी घातली. आणि 1940 मध्ये ज्यूंविरुद्धच्या एका प्रचारपटात लोरेच्या याच भाषणाचा तुकडा पुरावा म्हणून जोडला, कारण लोरे ज्यू होता. नटाचा अभिनय त्याच्या जमातीच्या माथी मारला. याहून नीच वापर मला माहीत नाही.

पटकथेत लँगबरोबर त्याची बायको थिया फॉन हार्बो होती. ती जर्मनीतच राहिली, नाझी पक्षात गेली. आणि लँगपासून वेगळी झाल्यावर तिने लग्न केलं ते बर्लिनमध्ये शिकायला गेलेल्या आयी तेंडुलकर या मराठी माणसाशी! तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आज नको.

डिसेंबर 2017 मध्ये आपल्या मध्य प्रदेश विधानसभेने बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद असलेलं विधेयक मंजूर केलं. तेव्हा घरोघरी जे बोललं गेलं, ते त्या कारखान्यातल्या गर्दीच्या तोंडी शब्द न शब्द आहे. मी त्या रागाला नावं ठेवत नाही. एल्सीची ताटली बघितलेल्या कुणालाही राग येणारच. पण त्या गर्दीतून एक वकील उठतो आणि म्हणतो की आजारी माणसाला डॉक्टरकडे द्या, जल्लादाकडे नको. त्याला हसून गप्प करायला बघतात, तरी तो हटत नाही. मी त्या वकिलाच्या बाजूचा आहे. आणि ‘आयांना विचारा’ या ओरडण्याला त्याच्याकडे उत्तर नाही, हेही मला मान्य आहे. लँगने ते उत्तर कुणाच्याच तोंडी दिलेलं नाही.

सिनेमा बघणार असाल तर जवळपास एकशे दहा मिनिटांची दुरुस्त केलेली प्रत शोधा. 1960 मध्ये जर्मनीत पुन्हा लावताना तो बराच कापला होता, ती प्रत घेऊ नका. आवाज बंद पडलाय असं मध्येच वाटेल. रिमोटला हात लावू नका, तो तसाच आहे.