पाळी कुणाची?

(दृश्य : उत्तर पॅसिफिकमधलं मिडवे बेट. वारा. चोचींचा खडखडाट.)

चोचीवर चोच आपटतेय. आता दोघंही मान ताणून आभाळाकडे ओरडतील, मग एक जण पंख उचलून बगलेत चोच खुपसेल आणि पुन्हा खडखडाट. लेसन अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याची ही स्थळं बघण्याची पद्धत. तीन-चार वर्षांची पोरं समुद्रावरून बेटावर परततात, याच्याशी-तिच्याशी नाचून बघतात. पहिलं अंडं घातलं जातं ते थेट आठव्या-नवव्या वर्षी.

एवढी चिकित्सा कशाला? कारण पुढचं काम एकट्यादुकट्याचं नाही. वर्षाला अंडं एकच. ते घातलं की मादी समुद्रावर निघते आणि नर साधारण तीन आठवडे उपाशीपोटी त्यावर बसून राहतो. मग पाळी तिची. असे सुमारे 65 दिवस. एकानं यायला फार उशीर केला, की दुसरा भुकेनं उठतो आणि अंडं गेलंच. पाळ्यांचा मेळ बसलेली जोडी म्हणूनच सहसा मोडत नाही. हंगाम संपला की दोघं उत्तर पॅसिफिकवर आपापल्या वाटेनं जातात. नोव्हेंबरात भेटतात ती मात्र जुन्याच जागी.

‘एकनिष्ठ’ हा शब्द तरी जपूनच वापरलेला बरा. हवाईत, ओआहू बेटावरच्या काएना पॉइंटला काही घरट्यांत दोन-दोन अंडी दिसायची. दुसरं कुणाचं? नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे उत्तर मिळालं ते डीएनए तपासल्यावर. 2008 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तिथल्या 31 टक्के जोड्यांत दोन्ही माद्याच. त्या वसाहतीत नर कमी. पिल्लांचे बाप बहुतेक दुसऱ्यांच्या संसारातले, पण पाळ्या या दोघींच्याच. अशी एक जोडी तर 19 वर्षं टिकलेली.

(दृश्य : पायातलं लाल कडं, झेड 333.)

ही विस्डम, मिडवेवरची एक लेसन अल्बाट्रॉस मादी. 1956 साली पक्षितज्ज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी इथंच तिच्या पायात पहिलं कडं घातलं. तेव्हाच ती किमान पाच वर्षांची होती. 2002 मध्ये ती पुन्हा त्यांच्याच हाती लागली. तिचा बऱ्याच वर्षांचा जोडीदार अकेअकामाई पुढं दिसेनासा झाला. बाईसाहेब पुन्हा नाचल्या. नव्या नराबरोबर 2024 च्या अखेरीस अंडं झालं, जानेवारी 2025 मध्ये त्यातून पिल्लू बाहेर आलं.

आईचं वय तेव्हा अंदाजे 74.